अंगणातली इटली

"तुम्ही करता काय?" असं कोणी विचारलं की मी सरळ सांगायचो, "बायकांना गोड करायला शिकवतो." समोरचा आधी हसायचा, मग माझ्या मिशांकडे बघायचा आणि मग पुन्हा हसायचा. ही सत्तरच्या दशकातल्या नागपूरची गोष्ट. पुरुषानं लग्नाच्या पंगतीला कढईभर बुंदी पाडली तर तो आचारी, हॉटेलात चुलीसमोर उभा राहिला तर कुक. पण चार घरच्या बायकांना समोर बसवून वाटीभर गोड करायला शिकवलं तर तो कोण? त्याला शब्दच नव्हता. मौद्याजवळच्या आमच्या गावात माझ्या वडिलांना मात्र शब्द सापडला होता. ते म्हणायचे, "वावर सोडून बाप्या मानूस बायकाईत जाऊन बसला. लाज नाही वाटत काय गा तुले?"

नाही वाटली. तेव्हाही नाही, आताही नाही. म्हणूनच लिहितो आहे.

मी शिकवायचो ते इटलीचे गोड पदार्थ. पाटी रंगवून घ्यायला गेलो तेव्हा पेंटर ब्रश थांबवून म्हणाला, "भाऊ, इडली म्हणाचं असंन तुमाले. इटली तं देश हाये." मी म्हटलं, देशच लिही. तरी पहिल्या दिवशी आलेल्या बायकांपैकी निम्म्या गोड इडली शिकायला आल्या होत्या. रेल्वेतून निवृत्त झालेले एक मद्रासी गृहस्थ तर खास तपासणीला आले होते. त्यांनी मागे बसून सगळं पाहिलं, वाटीतलं चाखलं आणि "हे आमचं पायसमच आहे, फक्त तुम्ही त्याला वाहू देत नाही," असा निकाल देऊन निघून गेले. इतकं नेमकं वर्णन पुढे कोणी केलं नाही.

आता हा खेड्यातला वासुदेव इटलीपर्यंत पोचला कसा, ते सांगायला हवं. कळमेश्वरकडे एका कारखान्यात यंत्रं बसवायला इटलीहून एक इंजिनियर आला होता. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात त्याचं बिऱ्हाड होतं आणि तिथं मी स्वयंपाकाला होतो. त्याची बायको एल्सा. तिला 'सिन्योरा' म्हणायचं असं त्यानं सांगितलं होतं, आम्ही नोकर मंडळी 'सिनोराबाई' म्हणायचो. उंच, हडकुळी, सदा घामाघूम. नागपूरचा उन्हाळा तिला मारून टाकायला निघाला होता आणि तीही मरायला तयार नव्हती. दुपारी सगळा बंगला खसच्या ताट्या लावून झोपायचा, तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची. मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. पहिले दोन मराठी शब्द शिकली ते 'थांब' आणि 'हळू'. स्वयंपाकाला दुसरे शब्द लागतात कुठे?

एप्रिलमध्ये तिनं मृग बहाराच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या संत्र्यांचा रस काढून साखर घातली, बर्फ आणि खडे मीठ भरलेल्या घमेल्यात ते पातेलं ठेवलं, आणि कडेनं बर्फ धरू लागला की मला काट्यानं खरवडायला लावलं. "हळू, वासुदेव, हळू!" तासभर खरवडल्यावर रसाचा भुसभुशीत, दाणेदार बर्फ झाला. ग्रानिता म्हणतात त्याला. मी जन्मभर संत्री खात आलो होतो, पण संत्रं काय आहे ते मला त्या दिवशी कळलं.

तिच्याकडून मी पाना कोत्ता शिकलो. नाव मोठं, काम सोपं: साय आणि दूध साखरेसोबत कोमट करायचं, उकळू द्यायचं नाही, आणि थिजवायचं. झाबायोने शिकलो. अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि वाइन. खाली उकळतं पाणी, वर पातेलं, आणि हातानं सारखं फेटत राहायचं, जोवर त्याचा पिवळाधमक फेस होऊन चमच्यावरून घडी पडत उतरत नाही. आच जास्त झाली तर त्याची भुर्जी होते. बदामाची बिस्किटं शिकलो, ती पुढे मी चारोळी घालून करू लागलो. आजकाल पोरं विचारतात, तिरामिसू? त्याचं तेव्हा सिनोराबाईनंही नाव ऐकलं नव्हतं, मी कुठून ऐकणार?

यंत्रं बसली, बिऱ्हाड उठलं. जाताना तिनं तिची तारेची फेटणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ये होटल का नहीं है, वासुदेव. घर का है. घर में सिखाना." मला एका हॉटेलात जागा मिळत होती. मी गेलो नाही. लोकांना ते खुळ वाटलं. असेल. पण माझ्या आईनं मला पुरणपोळी हॉटेलात शिकवली नव्हती, आणि एल्साच्या आईनंही तिला झाबायोने हॉटेलात शिकवलं नव्हतं.

धरमपेठेकडे आमच्या वस्तीत एक छोटं सभागृह होतं. वाचनालय, व्याख्यानं, हळदीकुंकू, सगळं तिथंच व्हायचं. त्याचे सचिव अण्णासाहेब. कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. हे सभागृह त्यांनी दारोदार फिरून उभं केलं होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याशी माझं जे वाजलं त्यामुळे ते वाईट माणूस होते असं कोणाला वाटू नये. वाईट नव्हते. स्वतःच्या मताचे होते. मीही होतो.

दर शुक्रवारी दुपारी वर्ग भरायचा. अण्णासाहेबांनीच परवानगी दिली होती, कारण त्यांची धाकटी सून नलिनी माझ्याकडे शिकायला येणार होती. नलिनी पुण्याकडची, बी.ए. झालेली, बोलणं हळू आणि हात विलक्षण स्थिर. पाना कोत्ता थिजायला त्यात चायना ग्रास, ते समुद्री शेवाळाचं, किती घालायचं हे मी कोणालाही चमच्यानं सांगू शकलो नाही. सिनोराबाई जिलेटिन वापरायची, पण ते जनावराच्या हाडाकातड्याचं, आमच्या बायकांना चालणारं नव्हतं. म्हणून मी चायना ग्रास भिजवून, पाण्यात पूर्ण उकळून, गाळून मग सायीत मिसळायचो. जास्त झालं तर वडी होते, कमी झालं तर पन्हं. वाटी हलवली की ती थरथरली पाहिजे, पण मोडता कामा नये. नलिनीला ती थरथर पहिल्या खेपेला साधली. मला साधायला सिनोराबाईच्या कितीतरी शिव्या खाव्या लागल्या होत्या, इटालियन असल्यामुळे त्या कळल्या नाहीत एवढंच.

दुसरी शालू. कोराडीच्या वीजकेंद्रातल्या फिटरची बायको. कोराडीहून बसनं यायची आणि आल्या आल्या दारात पदर झटकायची, कारण तिथली राख तिच्यासोबत प्रवास करायची. "मास्तर, आमच्या कॉलनीत पंजाबीन हाये, बंगालीन हाये, आंध्राची हाये," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "कोणी रसगुल्ला आणते, कोणी काही आणते, अन् मले म्हनते, तुमच्यात काय असते, पाटवडी? मले असं काही शिकवा का त्याईच्या बापानं पाहिलं नसंन!" शिकण्याचं इतकं प्रामाणिक कारण मी दुसरं ऐकलं नाही.

अंड्याचं मी लपवलं नव्हतं. पाटीवर खाली लिहिलंच होतं: 'अंड्याचे व बिनअंड्याचे, दोन्ही प्रकार'. महिन्यातल्या तीन शुक्रवारी बिनअंड्याचं आणि एका शुक्रवारी अंड्याचं. ज्यांना नको त्यांनी त्या दिवशी येऊ नये. झाबायोनेत वाइन घालायची, तिथं मी संत्र्याचा रस आटवून घालायचो आणि वर जायफळ. वाइनचं नाव मात्र मी सांगायचो, कारण मूळ काय आहे ते शिकणाऱ्याला माहीत असावं. तेच वाक्य कुणीतरी अर्धवट ऐकून घरी नेलं असणार.

अशाच एका अंड्याच्या शुक्रवारी अण्णासाहेब आत आले. पातेलं माझ्याकडे नव्हतं, नलिनीकडे होतं. ती फेटत होती आणि फेस नुकता चढायला लागला होता.

"हे काय चाललंय?" अण्णासाहेब म्हणाले.

"झाबायोने," मी म्हटलं.

"नाव नको. त्यात काय आहे?"

मी सांगितलं. बलक, साखर, संत्र्याचा रस.

"आणि दारू?"

"इटलीत वाइन घालतात. आपण संत्रं घालतो."

त्यांनी पातेल्यात वाकून वास घेतला. दारू नाही हे त्यांना कळलं असणार, कारण त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत. पण अंडं तर समोर होतं, टरफलं ताटलीत होती आणि फेटणी त्यांच्या सुनेच्या हातात होती. सगळ्या बायकांनी खाली मान घातली. नलिनीचा हात थांबला.

"सूनबाई, घरी चला."

ती उठली. पातेलं तिनं हलकेच खाली उतरवून ठेवलं, पदर सारखा केला आणि निघाली. अण्णासाहेब माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "वासुदेवराव, मला भांडायचं नाही. पण परका पुरुष आमच्या बायकांना अंडी फोडायला शिकवतो, हे मी या वास्तूत चालू देणार नाही. उद्यापासून कुलूप असेल."

शालूच्यानं राहवलं नाही. "अण्णासाहेब, पाटीवर लिवलंच हाये ना. चोरून थोडीच करून राहिले मास्तर?"

"पाटी मी वाचली नव्हती," ते म्हणाले. हे खरं असावं. नंतर मला वाटलं, आपल्याच हातानं परवानगी दिल्याचा संताप त्यांना सगळ्यात जास्त होता.

दुसऱ्या दिवशी खरंच कुलूप होतं, आणि संध्याकाळी अण्णासाहेब स्वतः आमच्या घरी आले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं. त्यांच्याकडे तोडगा होता. अंडी बंद करायची आणि पाटी बदलायची. पाटीवर माझ्या बायकोचं, गिरजाचं नाव घालायचं. 'संचालिका: सौ. गिरजाबाई'. मी मागं राहून तयारी करून द्यायची, पुढे तिनं बसायचं. म्हणजे लोकांना बोलायला जागा नाही. "तुमचंही काम चालेल, वस्तीचीही अब्रू राहील. मी तुमच्या भल्याचंच सांगतो," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत गिरजा चुलीपासून उठून दाराशी आली. ती आमच्याच भागातली, शाळेत चार इयत्ता गेलेली, आणि भीती हा प्रकार तिच्या माहेरी नसावा.

"अण्णासाहेब, मले साधा शिरा धड जमत नाही. ह्याईले विचारा. गुठळ्या होते. अन् मी इटली शिकवू? लोकं हासतीन ना बाप्पा!"

"नुसतं नाव, गिरजाबाई."

"नुसतं नाव काहून? काम त्याईचं, तं नाव त्याईचं. खोट्या पाटीखाली मी नाही बसत."

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती म्हणते तेच. अंडंही राहील, नावही राहील. तुमचं सभागृह तुम्हाला लखलाभ."

ते उठले, काठी घेतली, गेले. दार लावून गिरजा म्हणाली, "आता असं तोंड पाडून काहून बसले? अंगण हाये ना आपलं. शेणानं सारवतो, दोन चटया टाकतो. इटलीले काय माडी लागते?"

माडी लागत नव्हती. बायका मात्र लागतात. पुढच्या शुक्रवारी अंगणात शालू आली आणि शेजारची एक म्हातारी आली, ती काय चाललंय ते पाहायला. बाकी कोणी नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. अण्णासाहेबांनी कोणाला धमकी दिली नव्हती, फक्त चार घरच्या कर्त्या पुरुषांशी बोलले होते. तेवढं पुरलं. मी रोज संध्याकाळी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायचो. हॉटेलवाल्यानं पुन्हा निरोप धाडला होता. खोटं कशाला सांगू, एक दिवस मी सदरा घालून निघालोही होतो. गिरजानं विचारलं, "कुठं चालले?" मी म्हटलं, पान खायला. पान खाऊन परत आलो.

मग संक्रांत आली, आणि डोकं चाललं ते शालूचं.

"मास्तर, यंदाचं हळदीकुंकू गिरजावहिनीच्या अंगणात करू," ती म्हणाली. "हळदीकुंकवाले जाऊ नको असं कोणता सासरा म्हनंन? म्हनलं तं त्याचीच शोभा होईन. अन् वाण म्हणून तुमचं ते हलणारं देऊ."

"पाना कोत्ता?"

"तेच. बायका चव घेतीन. मग कोण थांबवते पाहू!"

मी म्हटलं, मी तिथं असणार नाही, हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? शालू हसून म्हणाली, "म्हनूनच तं! परका पुरुष बाहेर. आता बोला म्हना."

कामाला लागलो. मौद्याला माझ्या धाकट्या भावाच्या म्हशी होत्या, त्यानं वडिलांच्या नकळत बसच्या टपावर सायीचे डबे धाडले. कुंभाराकडून मातीच्या छोट्या वाट्या आणल्या. कोरी माती सायीतलं पाणी ओढते आणि आपला वास देते, म्हणून त्या आधी पाण्यात भिजवून, वाफ देऊन, वाळवून घ्याव्या लागल्या. फ्रिज आमच्याकडे नव्हता, वस्तीत एखाद-दुसऱ्या घरी असेल. पण नागपूरची जानेवारीतली थंडी काय कमी आहे? वाट्या परातीत मांडून वर ओला पंचा टाकला आणि त्या सकाळपर्यंत आपोआप थिजल्या. वर संत्र्याच्या सालीचे पाकात मुरवलेले कातरे. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि ढिली, इटलीवाल्यांसारखी जाड नाही. तीनदा पाणी बदलून उकळावी लागते, नाहीतर कडू लागते. पाकातली साल गिरजानं केली. शिऱ्यात गुठळ्या करणारीनं सालीचा पाक मात्र एकतारी अचूक धरला.

दुपार झाली. गिरजानं अंगणात रांगोळी काढली, मला घराबाहेर काढलं. मी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. आधी कोणीच नाही. मग शालू आली, कोराडीच्या कॉलनीतल्या पाच-सहा जणींना घेऊन. तिची ती पंजाबीण आणि बंगालीणही होती, आणि सगळ्यांच्या साड्यांवर थोडीथोडी राख. त्यांना पाहून समोरच्या घराचा पडदा हलला. मग त्या घरातली बाई कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आली. मग पलीकडची. थोड्या वेळानं आमचं अंगण बांगड्यांनी भरून गेलं. आतून 'अगंबाई, हे तर हलतंय!' असं कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मी अंगणाकडे पाठ करून बाहेर उभा राहून ऐकत होतो. आपलं शिकवलेलं लोक खाताहेत आणि आपल्याला आत जाता येत नाही, अशी वेळ कुठल्या मास्तरावर आली असेल?

शेवटी नलिनी आली. भरजरी नाही, साधीच हिरवी साडी, हातात झाकलेली मातीची वाटी. माझ्याकडे पाहून मान हलवली आणि आत गेली. तिच्या मागे, थोड्या अंतरानं, अण्णासाहेब येत होते. ते फाटकाशी थांबले. आत जाणं त्यांनाही शक्य नव्हतं. आम्ही दोघं पुरुष एका कडुलिंबाखाली उभे.

"तुम्ही माझ्या घरात फूट पाडलीत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता.

"घर तुमचं, सून तुमची," मी म्हटलं. "मी फक्त साय कशी बसवायची ते शिकवलं."

"साय! प्रश्न सायीचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आज ती मला सांगून आली. विचारून नाही. सांगून."

त्या वाक्यात त्यांना जे दुखलं होतं ते खरं होतं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. असतं तरी दिलं नसतं.

आतून नलिनी फाटकापर्यंत आली. हातात तीच मातीची वाटी, आता उघडी.

"मामंजी, हे मी केलेलं आहे. सकाळी आपल्याच चुलीवर. यात अंडं नाही," ती म्हणाली. वाटी तिनं पुढे धरली होती आणि वाटीतली साय थरथरत होती, पण तिचा हात नव्हता. "पुढच्या शुक्रवारी अंड्याचं आहे. ते मी तुम्हाला कधी देणार नाही, आणि तुमच्या भांड्यात करणार नाही. पण करणार आहे. तुमच्यापासून लपवून करायचं नाही म्हणून आज सांगते."

अण्णासाहेबांनी त्या वाटीकडे पाहिलं. मला वाटलं, घेतील. मनापासून वाटलं. गोष्टीत घेतात. त्यांनी घेतली नाही. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाले. सुनेला ते पहिल्यांदाच असं म्हणाले असावेत. काठी टेकत परत निघाले. नलिनी तशीच उभी होती. मग तिनं चमचा घेतला आणि तिथंच, फाटकात, रस्त्याकडे तोंड करून, ती वाटी स्वतः खाल्ली. अगदी तळापर्यंत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खात होती. आतून शालू ओरडली, "कशी झाली वं नलूताई?" नलिनी म्हणाली, "छान झालीय. साखर जरा कमी हवी होती."

पुढचं थोडक्यात सांगतो. सभागृहाचं कुलूप माझ्यासाठी कधी उघडलं नाही, आणि मी ते मागितलं नाही. वर्ग अंगणातच चालला, ऐंशीच्या दशकात माझे गुडघे बोलायला लागेपर्यंत. पाटीवरचा एक शब्द बदलला नाही. अण्णासाहेबांनी त्यानंतर बरेच महिने नलिनीच्या हातचं अन्न घेतलं नाही. त्याचा त्रास तिनं काय सोसला हे तिनं मला कधी सांगितलं नाही, पण ती वाळली होती, ते दिसत होतं. हट्ट माझा होता आणि त्यातला मोठा वाटा तिनं उचलला, ही बोच मला आहे. तिला एकदा तसं म्हटलं तर ती चिडली. "हट्ट तुमचा कसला? माझा होता," म्हणाली. पुढे अण्णासाहेब आजारी पडले तेव्हा त्यांना चमच्यानं भरवलं ते तिनंच, आणि त्यांनी ते खाल्लं. काय भरवलं, हे मी विचारलं नाही.

माझ्या वडिलांनी माझ्या हातचं इटलीचं गोड शेवटपर्यंत चाखलं नाही. मी दर दिवाळीला नेत राहिलो, ते भावाच्या पोरांना वाटत राहिले. शालूच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना ती म्हणाली, "मास्तर, तिकडं कोणी विचारलं, तं मी सांगीन, आमच्या नागपुरात असते हे." मी म्हटलं, बेशक सांग.

पण मला सांगायचाय तो हळदीकुंकवानंतरचा शुक्रवार. अंड्याचा. आमच्या अंगणाला भिंत नव्हती, तारेचं कुंपण होतं, रस्त्यावरून सगळं दिसायचं. गिरजाच्या भावजयीनं जुनं लुगडं आणून दिलं होतं, "पडदा लावा बाप्पा, लोकाईले कायले दाखवता?" म्हणत. बायका येऊ लागल्या होत्या, सभागृहात यायच्या त्याहून जास्त, आणि त्यांच्यातही कुजबूज होती: पडदा असला तर बरं. मी लुगडं हातात घेतलं, घडी घातली आणि गिरजाकडे परत दिलं. शेगडी उचलली. ती ओसरीच्या आडोशाला असायची. ती मी कुंपणाजवळ, रस्त्याच्या बाजूला नेऊन मांडली. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या, मग एकेक करून चटया उचलून माझ्यामागे आल्या.

नलिनी आली ती स्वतःचं पातेलं घेऊन आली होती, नवंकोरं. तिनं ते उकळत्या पाण्यावर ठेवलं. तेवढ्यात अण्णासाहेब रोजच्यासारखे वाचनालयाकडे निघाले, तेच पांढरं धोतर, तीच काठी. आमच्या कुंपणापाशी आले. मी उठून हात जोडले. त्यांनीही जोडले, पण थांबले नाहीत.

नलिनीनं मान वर केली नाही. तिनं टोपलीतलं अंडं उचललं, उजेडात धरून पाहिलं, आणि पातेल्याच्या काठावर फोडलं.